सुतारकाकांचा लांब स्क्रू

मावशींच्या नव्या स्वयंपाकघरात ओव्हन लावला की घरभरची वीज जायची. ओव्हनवाला वायरमनवर ढकलायचा, वायरमन ओव्हनवर. मावशी अगदी रडकुंडीला आल्या होत्या. हे कानावर येताच कपाटं बसवणारे सुतारकाका न बोलावताच दारात हजर झाले. मेन स्विच बंद करून त्यांनी ओव्हनमागची फळी उतरवली आणि आत बॅटरी मारली.

"मावशी, माझाच स्क्रू वायरीत घुसलाय. जरा लांब होता, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती."

वायरमनला बोलावून त्यांनी वायर बदलून घेतली, आखूड स्क्रूने फळी बसवली. ओव्हन तापला, दिवे गेले नाहीत.

त्याच आठवड्यात शेजारणीने चांगला सुतार विचारला. मावशींनी बेधडक काकांचा नंबर दिला.

"चुकतात कधी कधी," त्या म्हणाल्या, "पण कबूल करायला स्वतः चालत येतात."