आज बैल का घोडा?

"पुढचा एक म्हणजे मागचे तीन, सचिव. हे ज्याला कळलं, त्याला जग कळलं."

आमचे जनावरांचे डॉक्टर फाट्यावरच्या लिंबाखाली उकिडवे बसून हे वाक्य म्हणायचे. मांडीवर मोटरसायकलचं मागचं चाक असायचं, बारशाला आलेल्या पाहुण्याने बाळ घ्यावं तसं. समोर दूध संस्थेच्या दारात मी. मला जग काही कळलं नाही, पण वाक्य पाठ झालं.

त्याचा अर्थ आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही आमच्यासारखे वर्षभर नुसती मान डोलवत बसाल. मोटरसायकलची चेन दोन दातेरी चकत्यांवरून फिरते. आमच्याकडे त्यांना सॉकेट म्हणतात. एक छोटं, पुढे इंजिनापाशी. दुसरं मोठं, मागच्या चाकाला. मागच्याला दात जास्त असले की गाडीला ओढ येते, ती खडा चढ चढते, पण हायवेला बोंबलत राहते. दात कमी असले की हायवेला गुमान पळते आणि चढावर मान टाकते. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे तीन वाढवल्यासारखंच.

"मग पुढचंच बदला की," मी एकदा म्हणालो, "छोटं काम."

दुधात पाणी घालताना मला पकडल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुढचं लहान केलं की ते चेन खातं, सचिव. चेन खाल्ली की संसार खाल्ला."

डॉक्टरांचा संसार भिंगारला आणि दवाखाना आमच्या डोंगराच्या माथ्यावर. भिंगारहून पाथर्डीच्या अंगाने आमच्या फाट्यापर्यंत रस्ता असा, की ताटात वाढून जेवत यावं. फाट्यापासून वर मात्र खडी, मुरूम आणि पावसाने पाडलेल्या ओघळी. आमच्या नशिबात डांबर फाट्यापर्यंतच होतं. त्यामुळे डॉक्टरांच्या गाडीला कोणतंही सॉकेट घातलं, तरी अर्ध्या वाटेला ते चुकीचंच.

आधी त्यांनी मधलं घालून पाहिलं. हायवेला गाडी रडायची आणि चढावर धापा टाकायची. महिन्याभरात त्यांनी ते काढून टाकलं. "मध्यम मार्गाबद्दल मला आदर आहे, सचिव. आमच्या घरात बाबांनी तीच शिकवण दिली. पण ती चेनला लागू पडत नाही."

मग त्यांनी तोडगा काढला. एका पोत्यात पाने, पकड, चेनचा जादा तुकडा आणि दोन्ही सॉकेटं. सकाळी भिंगारहून निघताना लहान. फाट्यावर आलं की लिंबाखाली चाक काढायचं, मोठं घालायचं, वर जायचं. संध्याकाळी खाली उतरलं की पुन्हा चाक काढायचं, लहान घालायचं, घरी जायचं. एका वेळेला अर्धा तास तर सहज. मोठ्या सॉकेटला ते बैल म्हणायचे आणि लहानाला घोडा.

"त्यापेक्षा एक जुनी गाडी इथं फाट्यावरच ठेवा ना," मी म्हणालो.

"दोन गाड्या ठेवल्या की माणूस दोन्हीकडे खोटं बोलायला लागतो," डॉक्टर म्हणाले. याचा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही, तुम्हाला लागला तर कळवा.

सॉकेट बसवून झालं की ते एकेक दात बोटाने मोजायचे. कालचंच सॉकेट, कालचेच दात, तरी मोजायचे. "दात कुणी चोरत नाही, डॉक्टर," मी म्हणायचो. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर: "मोजले नाहीत तर विश्वास ठेवावा लागतो." मग तेच ग्रीसचं बोट पायजम्याला पुसून ते कुणाच्या तरी गोऱ्ह्याच्या जबड्यात घालायचे आणि सांगायचे, "दोन दाती. अजून पोरगं आहे."

कारण एव्हाना लोक जनावरं फाट्यावरच आणायला लागले होते. डॉक्टर वर दवाखान्यात सापडतील न सापडतील, पण सकाळ-संध्याकाळ लिंबाखाली सापडणार हे नक्की. चाक सुटेपर्यंत शेळी तपासून व्हायची आणि चाक चढेपर्यंत म्हशीला सुई. एका हाताने चेन धरलेली असायची आणि दुसऱ्या हाताने रेडकाची शेपटी. चहाची टपरी आली. टपरीवर दोन सोयरिकीही जुळल्या. वर दवाखान्यातला शिपाई मात्र एकटाच बसून बसून इतका कंटाळला की एक दिवस तोही खाली आला आणि पाने हातात द्यायला लागला.

डॉक्टरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, या सगळ्याचा वेगळाच जाच. एकदा डॉक्टर बोलण्याच्या नादात बैल घालूनच हायवेला लागले. त्या दिवशी घरी पोचायला एवढा उशीर झाला की भाकऱ्यांची चामडी झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी वहिनींचा मला फोन.

"भाऊ, आज बैल का घोडा?"

"घोडा, वहिनी."

"मग पीठ मळते."

त्यांचं माहेर श्रीरामपूर. एका दिवाळीला डॉक्टर बैलावरच सासुरवाडीला गेले. वहिनी मागे बसलेल्या, मांडीवर फराळाचा डबा. सासरे म्हणे दारात पाणी घेऊनच उभे होते. "तुम्ही येताय हे राहुरीपासूनच ऐकू येत होतं," असं ते म्हणाले. वहिनी हे सांगताना हसायच्या, पण त्या दिवसापासून त्यांचा बैलावर राग होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फाट्यावर रोज येणाऱ्यांत एकच माणूस असं होतं, जे कधी जनावर आणत नसे. माथ्यावरच्या वस्तीतली कौसाबाई. म्हातारी एकटी, आणि तिची एकच गाय. ती गाय उतार दिसला की बिथरायची, चारी पाय रोवून उभी राहायची. तिला खाली आणणं देवाच्या बापालाही जमलं नसतं. आणि बऱ्याच वर्षांच्या खाड्याने ती गाय गाभण राहिली होती. कौसाबाईचं सगळं त्या गायीवर होतं. व्याल्यावर दूध तर मिळणारच होतं, पण दिवसभर बोलायलाही तीच होती.

कौसाबाईला दात-बित काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की बैल चढला तर डॉक्टर वर येणार. म्हणून ती रोज शेजाऱ्यांच्या दुधाची बरणी घेऊन खाली उतरायची, संस्थेत दूध घालायची आणि चाकाशी वाकून पाहायची.

"डाक्तर, बैल घातला न्हवं?"

"घातला, कौसाबाई."

"माझ्या गायीच्या येळंला बैल पायजे बरं का. घोड्याचं काय काम न्हाई."

"तुमच्या गायीसाठी बैल राखूनच ठेवलाय." हे जरा भलतंच व्हायचं आणि टपरीवरचे सगळे हसायचे. कौसाबाई सगळ्यांत जास्त.

मग तो दिवस आला. सकाळी वस्तीवरून फोन आला की गाय अडलीय. वासराचा एक पाय बाहेर, दुसरा आत मुडपलेला. डॉक्टर आले तेव्हा मी रस्त्यातच उभा होतो. गाडी स्टँडला लावायच्या आत मी सांगितलं. त्यांनी पोतं उपडं केलं. पाने पडले, पकड पडली, चेनचा तुकडा पडला. बैल नव्हता.

मी वहिनींना फोन लावला.

"अगंबाई, ते होय? काल आमटीचं पातेलं ठेवलं होतं त्याच्यावर. ओट्यावरच राहिलं. छान आहे हो भाऊ, पातेलं जरासुद्धा हलत नाही."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते लिंबाला टेकून खाली बसले. "बैल घरी. घोडा वर चढायचा नाही." पुढचा एक, मागचे तीन, असं काहीतरी ते पुटपुटत होते, पण त्यात कुठे वाट दिसत नव्हती. इतका हतबल माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मला त्यांची फार दया आली.

"ढकलू या," टपरीवाला म्हणाला.

आणि आम्ही ढकलली. डॉक्टर वर बसलेले, मांडीवर औषधाची पेटी. मागून मी, टपरीवाला, शिपाई आणि शेळ्या घेऊन आलेले पाच-सहा जण. मालक ढकलतायत म्हटल्यावर शेळ्याही मागे निघाल्या. डॉक्टर क्लच सोडायचे, गाडी गचका खाऊन बंद पडायची, पुन्हा सुरू करायचे, पुन्हा गचका. क्लच जळल्याचा वास सुटला. मुरूम आमच्या तोंडावर उडत होता. तीनदा थांबून दम घेतला. एकदा तर गाडी मागे आली आणि शिपाई ओघळीत गेला. "सोडू नका!" डॉक्टर ओरडत होते, "वासरू गुदमरेल!" आणि आम्ही खरोखर जिवाच्या आकांताने ढकलत होतो.

माथ्यावर पोचलो तेव्हा कौसाबाई गोठ्याच्या दारात उभी होती. डोळे लाल. तिने आमच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, शेळ्यांकडे पाहिलं.

"आरं, कवाधरनं वाट बघती मी! चालत का न्हाई आला?"

शिपाई कपड्यांवरचा मुरूम झटकायला लागला.

"हंडाभर पानी तापस्तवर मी फाट्याला जाऊन माघारी येती. रोज येती. तुमी समदे बगताव की मला रोज!"

खरंच होतं. रोज बघत होतो. नीट हिशेब केला तर चाक सुटून चढायच्या आत माणूस चालत माथ्यावर पोचून पाणी पिऊन झालेला असता. आम्ही एवढे सगळे, त्यात एक दूध संस्थेचा सचिव आणि एक पदवीवाला डॉक्टर, पण हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी टपरीवाल्याकडे पाहिलं, तो शेळीकडे बघायला लागला.

डॉक्टर तोवर गोठ्यात होते. कौसाबाईने गरम पाण्याने आणि साबणाने त्यांचे हात कोपरापर्यंत धुतले. इतके स्वच्छ हात मी त्यांचे प्रथमच पाहिले. मुडपलेला पाय त्यांनी आत हात घालून हळूहळू सरळ केला. गायीशी बोलत होते, "थोडं राहिलं, बाई, थोडं राहिलं." कालवड झाली. जिवंत, ओली, आणि लगेच उठायची घाई. कौसाबाई मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. माझेही डोळे भरून आले, मुरुमाने नव्हे.

नंतर कोऱ्या चहाचा घोट घेत डॉक्टर मला म्हणाले, "सचिव, चालत?"

"हो."

"आपल्यापैकी कुणालाच?"

"कुणालाच नाही."

दुसऱ्या दिवशी ते आले, गाडी लिंबाखाली लावली, पेटी खांद्याला अडकवली आणि चालत वर निघून गेले. शहाण्यासारखं. आणि फाट्यावर हाहाकार झाला. लोक जनावरं घेऊन येईपर्यंत डॉक्टर निघून गेलेले. काही चढावर त्यांच्या मागे पळाले. टपरीवर चहा निवायला लागला. असं आठवडाभर चाललं. मग एका सकाळी सगळे डॉक्टरांना आडवे आले. पुढे कौसाबाई.

"डाक्तर, चाक खोला."

"आता कशाला? मी चालत जातो की."

"तुमी जावा चालत. पर आदी चाक खोला. लोकं लई लांबनं आलीत, जनावरं तापलीत उनानं."

डॉक्टरांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग पोतं सोडलं, उकिडवे बसले आणि चाक काढलं. बदलायला काही नव्हतं. बैल भिंगारला ओट्यावर पातेल्याखालीच राहिला होता, वहिनी तो परत द्यायला तयार नव्हत्या. डॉक्टरांनी घोडाच काढला, पुसला, दात मोजले आणि तोच पुन्हा घातला. तेवढ्यात चार शेळ्या आणि एक म्हैस तपासून झाली. मग ते चालत कौसाबाईच्या कालवडीला बघायला गेले. पुढे दोन वर्षांनी निवृत्त होईपर्यंत रोज हेच. हा प्रकार पाहून हायवेवरून जाणारा एखादा थांबायचा आणि विचारायचा, "पंक्चर आहे का?" आम्ही सगळे एकदम म्हणायचो, "नाही."

आता रस्ता वरपर्यंत डांबरी झालाय. नवे डॉक्टर चारचाकीतून थेट दवाखान्यात जातात, हुशार आहेत, वेळेवर येतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. लिंबाखाली ग्रीसचा काळा डाग आहे, तिथे कुणी बसत नाही.

परवा संध्याकाळी वहिनींचा फोन आला. सवयीने मी म्हणणार होतो, घोडा.

"भाऊ, एक विचारू का? हे सकाळपासून अंगणात चाक खोलून बसतात. जायचं कुठेच नाही. खोलतात, मोजतात, घालतात, पुन्हा खोलतात. माझ्याशी बोलतसुद्धा नाहीत धड." मग त्यांनी आवाज खाली आणला. "कुणाची एखादी शेळी असेल तर पाठवता का?"

सकाळी कौसाबाई दूध घालायला आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. बरणी तिथेच ठेवून माघारी गेली. चारा टाकून भिंगारला परतणारा टेम्पो फाट्यावर थांबला होता, तोवर ती पुन्हा खाली आली. हातात दावं आणि दाव्याला कालवड. आईसारखी नाही, उतार सरसर उतरते.

"काय झालंय हिला?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"काय बी न्हाई. दोन दाती झाली का न्हाई, ते मोजून आनायचंय. भिंगारच्या डाक्तराकडनं."

टेम्पोवाल्याला हसू आलं. "एवढ्यासाठी भिंगार? दात मी मोजतो की, म्हातारे."

"तू न्हाई," ती म्हणाली, आणि कालवड चढवून तिच्या मागे स्वतःही चढून बसली.