टोपलीत ठेवलेले फोटो

ओतूरच्या आसपास कुणी गेलं की पहिला फोन नातेवाइकांना जायचा आणि दुसरा संतोषला. नाव, फोटो, दशक्रियेचा दिवस, घाट… एवढं कळवलं की तासाभरात श्रद्धांजलीचा फ्लेक्स गावातल्या सगळ्या मोबाइलवर पोहोचलेला असे. म्हणूनच दीड महिन्यापूर्वी, ऐन बाजाराच्या दिवशी, मंचरहून फोन आला की तिथे फ्लेक्स छापून घ्यायला गेलेला संतोष छपाईच्या दुकानात छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, आता याचा फ्लेक्स कोण करणार? सांगायला लाज वाटते, पण आला खरा. गिऱ्हाइकासमोर उलगडलेली साडी तशीच टाकून मी बाहेर आलो. शेजारी त्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं, ‘आलोच’ म्हणून जाताना तो ओढायचा तसं. तिथल्या पायरीवर बसलो आणि मग मात्र रडू आवरेना.

माझं कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, पण माझी भाषा, दोस्ती आणि भांडणं सगळी इथलीच. संतोषच्या आणि माझ्या दुकानात सोळा वर्षं एकच भिंत. त्याचा लॅपटॉप जुना घेतलेला, बॅटरी मेलेली, त्यामुळे वायर काढली की बंद. आणि त्यातली जागा म्हणाल तर मुंगीच्या घराएवढी. ती कायम भरलेली. उघडला की कोपऱ्यात लाल पट्टीची चौकट यायची, जागा शिल्लक नाही म्हणून. संतोष फुलीवर बोट मारून ती चौकट घालवायचा आणि कामाला लागायचा. मी व्यापारी माणूस. दिवाळीआधी जुना माल काढला नाही तर नवा ठेवायचा कुठे, हे आमच्याकडे पाळण्यातच शिकवतात. ती लाल पट्टी बघून माझाच जीव घुसमटायचा. “अरे काढ की काहीतरी,” असं मी रोज म्हणायचो आणि रोज तेच उत्तर यायचं, “बगू, शेठ.”

जागा कशाने भरली होती, हे मला एका दुपारी कळलं. त्याचा लॅपटॉप अडला म्हणून मी शेजारी जाऊन बसलो, तर एका फोल्डरमध्ये गावोगावची म्हातारी माणसं, मागचं सगळं कापून, फक्त चेहरा आणि खांदे ठेवून ओळीने मांडलेली. सगळी हसणारी. सगळी जिवंत! आणि त्यात माझी आई. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “जित्या माणसांचे श्रद्धांजलीचे फोटो तयार करून ठेवतोस? माझ्या आईचा? लाज नाही वाटत?” तो शांतपणे म्हणाला, “शेठ, लोकं माझ्याकडं येतात ती रडत येतात. हातात आधारकार्ड. त्या फोटूत चांगला माणूस बी फरारी दिसतो. सगळं गाव त्याला शेवटचं तसंच बगणार व्हय?”

फोटो कसे काढले तेही त्याने सांगितलं. लग्न असो, जत्रा असो, त्याच्या पिशवीत माझ्याच दुकानातलं अडीच मीटर पांढरं मांजरपाट असायचं. एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं आपण हातात धरून उभं राहायचं आणि मोबाइल घरच्या सुनेच्या हातात द्यायचा. आजीबाई कुरकुरायच्या, “मेल्या, आता कशापायी रे फोटू?” हा म्हणायचा, “आजे, आधारचा बदलायचाय. दात नाय म्हणून काय झालं, हास की जरा!” आजी त्याच्याकडे बघून हसायची आणि सून बटण दाबायची.

माझा राग काही उतरला नाही. आईचा फोटो माझ्यासमोर काढून टाक म्हटलं. आणि रागातच आणखी एक शहाणपण शिकवलं. प्रत्येक माणसाचे दोन-दोन फोटो होते, एक कापलेला आणि एक मूळ. “कापून झाल्यावर मूळ कशाला ठेवतोस? ब्लाउज शिवून झाल्यावर चिंध्या कुणी जपून ठेवतं का? उडव ते, निम्मी जागा होईल.” चार दिवसांनी त्याने भिंतीपलीकडून हाक मारून सांगितलं, “शेठ, टाकले बगा सगळे मूळ लॅपटॉपच्या कचऱ्याच्या टोपलीत. आईचा बी काढला.” लाल पट्टी तरी लालच कशी, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आई पुढच्या वर्षी गेली. मी त्याच्या दुकानात जाऊन नुसता उभा राहिलो. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आई हसत होती. त्या हसण्यावर मी आजवर जगतोय. खोटं बोलला होता पठ्ठ्या! त्याचे आभारसुद्धा मी नीट मानले नाहीत.

तर, त्याच्या दशक्रियेच्या आदल्या दुपारी त्याची बायको, कविता वहिनी, तो लॅपटॉप पदराखाली धरून माझ्या दुकानात आल्या. म्हणाल्या, “शेठ, यांचा एक बी फोटो नाय ओ घरात. लग्नातला हाय, पण त्यात त्यांना कोण वळखणार? मोबाइल तिकडं पडला तवाच फुटला. सगळ्यांचे हेच काढायचे, यांचा कुणी काढलाच नाय… पण आधारचा नको. तेवढं नका करू.”

सकाळी घाटावर फ्लेक्स लागायला हवा होता. मंचरचा छापणारा पाचपर्यंत थांबणार होता आणि आमची लाइट तीनला जाणार होती. दीड वाजला होता. मी लॅपटॉप जोडला. लाल पट्टी. फोटोचं सॉफ्टवेअर उघडायला गेलो तर उघडेना, जागाच नव्हती. काय काढायचं? एकेक फोटो म्हणजे एकेक घर. मग माझ्यातला व्यापारी जागा झाला. आधी कचरा काढू, म्हणून पडद्यावरच्या टोपलीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि रिकामी करायचा हुकूम दिला. यंत्राने विचारलं, हे दोन हजारांवर फोटो कायमचे पुसायचे का, नक्की?

बोट ‘हो’वर होतं. दाबणारच होतो. शेजारून वहिनी म्हणाल्या, “दोन हजार? एवढं काय व्हतं त्यात?”

मी हात मागे घेतला आणि टोपली उघडली. नावांची रांगच्या रांग. पारगावची आजी, पोस्टातले तात्या, शाळेतली मावशी… आणि मधेच ‘शेठची आई – मूळ’. संतोषने माझा शब्द ठेवला होता आणि ठेवलाही नव्हता. सगळे मूळ फोटो टोपलीत टाकले होते, पण टोपली कधी ओतलीच नव्हती. फोटो तिथेच आणि जागाही अडलेली तशीच. त्याला यातलं कळत नव्हतं असं मी तरी म्हणणार नाही.

आईचा फोटो परत बाहेर काढून उघडला. मध्यभागी आई, मागे माझ्या दुकानातलं मांजरपाट, आणि उजव्या कडेला, कापडाचं टोक उंच धरून, आईपेक्षा जास्त हसणारा संतोष. पुढचा उघडला, त्यातही तो. त्याच्या पुढच्यातही. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी ज्यांना चिंध्या म्हणालो होतो, त्या सगळ्यांत तो होता.

अडीच झाले होते. जागेचा प्रश्न मग एका झटक्यात सुटला. वाढदिवसाच्या फ्लेक्सचं भलंमोठं फोल्डर होतं, त्यातले सगळे ‘भावी सरपंच’ मी टोपलीत न टाकता थेट कायमचे उडवले. तसेही ते भावीच राहिले होते. सॉफ्टवेअर उघडलं. मला कापायला येतं ते कात्रीने, पण सोळा वर्षं त्याच्या खांद्यावरून बघितलं होतं, त्यावर निभावलं. दर वेळी तो स्वतःला कापायचा, या वेळी मी आईला कापलं. आई रागावली नसती. फोटो मंचरला गेला आणि दोन-तीन मिनिटांत लाइट गेली.

त्याचा तो वर धरलेला हात मात्र माझ्याने कापवला नाही. सकाळी घाटावर भाषणं चालू असताना पाठीमागून कुणी तरी हळूच विचारलं, “हात का वर केलाय ह्यानी?” वहिनी वळून म्हणाल्या, “कापड धरलंय त्यांनी.”

लॅपटॉप आता माझ्या गल्ल्याशेजारी असतो. कुणी गेलं की लोक माझ्याकडे येतात, मी जमेल तसं करून देतो. ते भावी सरपंच गेल्यावर पट्टी चार दिवस निळी झाली होती, आता परत लाल आहे. परवा माझा मुलगा म्हणाला, “पप्पा, त्या टोपलीतच केवढी जागा अडलीय, रिकामी करा की.” मी कोपऱ्यातल्या चौकटीच्या फुलीवर बोट मारलं आणि म्हटलं, “बगू.”