गणिताच्या बाई कॅसिनोत

माझी मैत्रीण दहावीला गणित शिकवते आणि मी मराठी. भूमच्या एकाच शाळेत आम्ही कितीतरी वर्षं शेजारी खुर्च्या टाकून बसतो. तिच्या विषयात संभाव्यता नावाचं एक प्रकरण आहे. नीट पिसलेल्या बावन्न पत्त्यांतून एक पत्ता काढला, तर तो बदामाचा असण्याची संभाव्यता किती, असली गणितं त्यात असतात. आमच्या बऱ्याच मुलींना बदाम खायचा असतो एवढंच ठाऊक. म्हणून एका वर्षी तिनं बाजारातून पत्त्यांचा कॅट आणून वर्गात दाखवला. तिसऱ्या दिवशी एक पालक मुख्याध्यापकांकडं आले आणि शाळेत पोरींना पत्ते शिकवतात म्हणून तक्रार करून गेले. हे गृहस्थ रोज दुपारी लिंबाखाली तीनपानी खेळत बसतात हे स्टाफरूममध्ये प्रत्येकाला माहीत होतं, पण बोलायचं कुणी? कॅट कपाटात गेला. मैत्रिणीनं जुन्या कॅलेंडरचे बावन्न चौकोन कापले आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेननं बदाम, इस्पिक, चौकट, किलवर काढले. तिचा राजा थेट आमच्या मुख्याध्यापकांसारखा दिसायचा. त्याबद्दल मात्र कुणी तक्रार केली नाही.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं. आपण उभा जन्म जुगाराची गणितं शिकवली आणि जुगार कधी डोळ्यानं बघितला नाही. पन्नाशी उलटल्यावर ती गाडी चालवायला शिकली, एक जुनी पांढरी गाडी घेतली, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी मला म्हणाली, "गोव्याला नदीत कॅसिनोच्या बोटी असतात म्हणं. येतीस का?"

घरी दोघींनीही सांगितलं की गोव्यातली देवळं बघायला चाललो. हे खोटं ठरू नये म्हणून देवळांची यादीही केली.

तिच्या गाडीत बसायला धीर लागतो. ती वाईट चालवत नाही, पण हिशोबानं चालवते. पुढं उसाचा ट्रॅक्टर असला आणि समोरून ट्रक येत असला की ती मोठ्यानं गणित मांडायची: तो इतक्या वेगानं येतोय, आपण इतक्या, ट्रॅक्टरची लांबी दोन ट्रॉल्या धरून इतकी. उत्तर येईपर्यंत ट्रक निघून गेलेला असायचा आणि दुसरा दिसायला लागायचा. बार्शी ते सोलापूर आम्ही कुणालाही मागं टाकलं नाही. एक दूधवाला मोटारसायकलवरून आमच्यापुढं गेला, गावात दूध घालून परत आला आणि आम्हाला हात करून गेला.

विजयपूरच्या पुढं रस्ता चुकला. मैत्रिणीचं माहेर जळकोटचं. तिथं शेजारी कानडी बोलायचे, त्यामुळं आपल्याला कानडी येतं असा तिचा दावा आहे. तिनं काच खाली करून एका म्हाताऱ्या गृहस्थांना रस्ता विचारला. ते बराच वेळ बोलले, हीही हसून मान डोलावत बोलली, आणि आम्ही मोठ्या विश्वासानं निघालो. थोड्या वेळानं रस्ता एका वीटभट्टीत जाऊन संपला. ते काय म्हणाले होते, असं मी विचारलं.

"त्यांच्या धाकट्या सुनेचं माहेर सोलापूरचं हाय," ती म्हणाली. "रस्त्याचं नीट कळलं न्हाय."

मुक्काम बेळगावात केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चोर्ला घाट उतरून आधी देवीच्या देवळात गेलो, ओटी भरली, पुजाऱ्यांनी प्रसादाचा नारळ दिला. घरी दाखवायला देवळाचे फोटो काढले. मग पणजी.

कॅसिनोची मोठी बोट नदीच्या मधोमध उभी असते आणि तिथं जायला काठावरून छोटी बोट सुटते. भर दुपारची वेळ होती. काठावर तपासणी करणाऱ्या मुलीनं मैत्रिणीच्या पर्समधून नारळ बाहेर काढला आणि हातात धरून ती विचारात पडली. दारू, हत्यार, कॅमेरा यांचे नियम तिला पाठ होते. नारळाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. तिनं साहेबाला बोलावलं. साहेबानं नारळ कानापाशी हलवून बघितला. शेवटी नारळाला एक लॉकर आणि आम्हाला एक टोकन मिळालं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की कुठंही खिडकी नाही आणि घड्याळही नाही. आम्ही घंटेवर जगणारी माणसं. तास कधी संपणार ते कळेना तेव्हा मला अस्वस्थ वाटायला लागलं. छताला लग्नाच्या हॉलमध्येही नसतील एवढी झुंबरं, पायाखाली गालिचा, आणि सगळीकडून मशिनींचा किणकिणाट. दुपारी तीन वाजता काही बायका अंगभर टिकल्यांचे कपडे घालून फिरत होत्या. आम्ही दोघी इरकली साड्यांत. कुणी वळूनही बघितलं नाही. मला जरा वाईटच वाटलं.

तिकिटाबरोबर खेळायला थोड्या रंगीत चकत्या मिळाल्या होत्या. माझ्या मी दहा मिनिटांत संपवल्या. लेकीची जन्मतारीख, मग नवऱ्याची, मग रागानं पुन्हा लेकीची. मैत्रिणीनं मात्र आपल्या चकत्या पदराला बांधल्यासारख्या मुठीत धरल्या आणि एका फिरत्या चाकापाशी जाऊन उभी राहिली. चाकावर लाल आणि काळी घरं, प्रत्येकाला आकडा, आणि सगळ्यांत मिळून एकच हिरवं घर, शून्याचं. काळ्या जाकिटातली एक मुलगी चाक फिरवून त्यात पांढरी गोळी सोडायची. गोळी ज्या घरात बसेल त्याच्या आकड्यावर किंवा रंगावर ज्यानं लावलं त्याचं भलं.

मैत्रिणीनं पर्समधून शाळेची टाचणवही काढली आणि येईल तो आकडा लिहायला लागली. मध्येच मला हळूच म्हणाली, "ते हिरवं एकच घर बघ. नुसतं लाल-काळंच असतं, तर कुणाचंच नुकसान झालं नसतं. त्या एका शून्यावर ह्या सगळ्या बोटीचा प्रपंच चाललाय."

तिचा चेहरा मी इतका सुखी फार दिवसांत बघितला नव्हता.

थोड्या वेळानं तिच्या शेजारच्या एका जाडजूड गृहस्थांचं वहीकडं लक्ष गेलं. सोन्याची साखळी, अंगात फुलाफुलांचा शर्ट. पुण्याकडचे असावेत. त्यांना वाटलं, बाईंकडं काहीतरी युक्ती आहे. तिच्या पेन्सिलीचं टोक ज्या आकड्यापाशी थांबेल त्यावर ते चकत्या ठेवायला लागले. दुर्दैवानं त्यातला एक आकडा लागला. मग काय, दोन्ही बाजूंनी माणसं वहीत डोकावायला लागली. कुणी तिच्यासाठी खुर्ची आणली, कुणी लिंबू सरबत. फुलाफुलांच्या शर्टवाल्यांनी तर आता काय येणार असं तिला हात जोडूनच विचारलं.

तिनं वही मिटली आणि वर्गात शिकवावं तसं त्यांना समजावून सांगितलं. प्रत्येक फेरी स्वतंत्र असते. मागं काय आलं ते चाकाला आठवत नाही. दहा वेळा काळं आलं म्हणून अकराव्यांदा लाल येईलच असं नाही. सगळ्यांनी आदरानं ऐकून घेतलं. मग गृहस्थ म्हणाले, "ते बरोबर आहे, मॅडम. पण तुम्हाला काय वाटतं?"

त्यानंतर ते घडलं. एकामागून एक काळंच यायला लागलं. चार वेळा, पाच वेळा, सात वेळा. टेबलाभोवती गर्दी वाढली. आठव्यांदाही काळं आलं आणि माझ्या लक्षात आलं की मैत्रीण लिहायची थांबलीय. तिची मूठ उघडली होती. मी तिच्याकडं बघत होते, पण तिला मी दिसत नव्हते. तिनं अर्ध्या चकत्या पुढं सरकवल्या, लालवर.

काळं आलं.

तिनं उरल्यातल्या अर्ध्या ठेवल्या. पुन्हा लालवर. काळं आलं. मी तिच्या दंडाला हात लावला, आणि तिनं तो झटकला. इतक्या वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं. राहिलेल्या सगळ्या चकत्या तिनं लालवर ठेवल्या. गोळी बराच वेळ उड्या मारत राहिली आणि शेवटी टुणकन हिरव्या शून्यात जाऊन बसली.

गर्दीत कुणीतरी च्‌ च्‌ केलं. जाकिटातल्या मुलीनं फळीनं चकत्या ओढून घेतल्या. फुलाफुलांचे गृहस्थ दुसऱ्या टेबलाकडं निघून गेले, जाताना तिच्यासाठी आणलेली खुर्चीही घेऊन गेले.

आम्ही वरच्या मजल्यावर जेवायला गेलो. जेवण तिकिटातच होतं आणि पदार्थ इतके होते की कशापासून सुरुवात करावी कळेना. ती नुसता दहीभात घेऊन बसली. दोन घास खाऊन म्हणाली, "मला खरंच वाटलं गं. आतून वाटलं, की आता लालच येणार. मी सगळं समजून उभी होते, आणि तरी वाटलं." मग तिला हसू फुटलं. ते थांबेना तेव्हा मलाही हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी आम्ही जिंकलोय असं समजून आमच्याकडं बघून ग्लास उंचावले.

परतीच्या वाटेवर तिनं मला बजावलं की स्टाफरूममध्ये यातलं अवाक्षर काढायचं नाही. मी नाही काढलं. शाळा उघडली त्याच दिवशी दुसऱ्या तासाला तिनं स्वतःच दहावीच्या मुलींना सगळं सांगून टाकलं. मी शेजारच्या वर्गात समास घेत होते आणि भिंतीपलीकडून हसण्याचे लोट येत होते. माझ्या मुली समासाकडं कान देईनात. शेवटी मीही खडू खाली ठेवला.

मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता तिनं मला सांगितलं की मुलींना धडा फार चांगला कळला. चाकाला आठवण नसते हे त्या आता मरेपर्यंत विसरणार नाहीत. मग जरा खाली वाकून म्हणाली, "एकीनं विचारलं, बाई, तुम्ही किती वेळा लावलं?"

"मग?"

"एकदाच म्हणाले."