ओट्यावरची मुलाखत

शेजारी तव्यावर मिरच्या भाजायला लागल्या की मला ठसका लागतो अन् हसूही येतं. मुकुंदवाडीतल्या त्या घरातही असाच ठसका होता.

माझी सुजाता तेव्हा समाजशास्त्रात एम.ए. करत होती. घरकाम करणाऱ्या बायांच्या मुलाखती झाल्याशिवाय तिचा प्रबंध पुरा होणार नव्हता. पोरगी एकटी कशी जाईल, म्हणून मुकुंदवाडीतल्या एका बाईच्या घरी मी सोबत गेलो. ती विचारायची, "मावशी, दिवस कसा जातो?" बाई पदर सावरून तव्यावरच्या मिरच्याच परतत राहायची. मग मीच सांगायचो, "लई कष्ट हायेत. लिही."

शेवटी सुजातानं पेन खाली ठेवलं. "आबा, मुलाखत तुमची नाय. बाहेर बसा."

मी चौथी शिकलेला, पण मला असं कुणी उठवलं नव्हतं. तणतणत ओट्यावर जाऊन बसलो. आतून बाईचा आवाज आला, "गेले का गं तुझे वकीलसाहेब?" अन् दोघी अशा हसल्या, की तव्यावरच्या मिरच्या करपल्या. मग बाई बोलायला लागली, ती थांबेचना. उन्हात बसून मलाही हसू फुटलं.

आज सुजाता कॉलेजात शिकवते. लोक विचारतात, "आबा, पोरीला एम.ए. कसं केलंत?"

मी छाती काढून सांगतो, "ओट्यावर बसून."