नऊ घरांत एकच नंबर

आमच्या घरात पाळण्याआधी पत्रकं आली असावीत. आप्पा यंत्रमागावर काम करतात आणि उरलेल्या वेळात सीमाभागातल्या मराठी माणसावर होणाऱ्या अन्यायाची पत्रकं लिहितात. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. त्यामुळे गेल्या वर्षी टीव्हीवरच्या मराठी वाहिन्या गोठू लागल्या तेव्हा मला कारण शोधावं लागलं नाही. ते तयारच होतं.

वडगावातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी डिश बसवणारे अण्णा राहतात. मूळचे निपाणीचे. निपाणीत त्यांच्या भावाकडे एक रीतसर जोडणी होती. त्या डब्यात एटीएमसारखं एक कार्ड असायचं. कंपनी वरून कुलूपबंद चित्र पाठवायची आणि कार्डात त्याची किल्ली. अण्णांनी त्या एका कार्डाच्या नऊ नकला केल्या आणि आमच्यासकट गल्लीतल्या नऊ घरांत घातल्या. भरणारा एक, बघणारे दहा.

यात चोरी आहे असं मला वाटत नव्हतं. मराठी वाहिन्यांसाठी इथं वेगळे पैसे मागतात, हा भेदभाव. भेदभाव करणाऱ्याचं कुलूप तोडणं हा प्रतिकार. असं मी नळावर सांगायची. गल्ली मान डोलवायची, कारण मालिका फुकट दिसत होत्या.

मग चित्र गोठायला लागलं. अण्णा सुपारीच्या डब्यात सगळ्यांची कार्डं गोळा करून न्यायचे, लॅपटॉपला लावून दुरुस्त करून आणायचे. दोन दिवस चालायचं, पुन्हा बंद.

"कंपनी किल्ली बदलतीया," ते म्हणाले. "ती बदलती, मी बदलतो."

"पण मराठीच का गोठतंय अण्णा? कानडी का न्हाय?"

"तू बघतीस व्हय कानडी? मग तुला कसं कळणार गं?"

नळावरच्या बायका हसल्या. मी हसले नाही. मला अण्णांचाही थोडा संशय आला.

त्याच आठवड्यात पडद्यावर एक लांबलचक नंबर उमटू लागला. कधी कोपऱ्यात, कधी नायिकेच्या कपाळावर. काही सेकंद राहायचा आणि जायचा. शेजारी जाऊन पाहिलं, तिथंही तोच. मी मोबाइलवर फोटो काढला आणि कंपनीला दोन पानी तक्रार पाठवली. मराठी भाषकांची गळचेपी, त्यांच्या पडद्यावर मारलेले शिक्के, सगळं लिहिलं. पुरावा म्हणून फोटो जोडला, खाली पूर्ण पत्ता दिला. उत्तर आल्यावरच गल्लीला सांगायचं ठरवलं.

चौथ्या दिवशी नऊही टीव्ही एकाच वेळी काळे झाले. अण्णांनी लॅपटॉप उघडला, मिटला, आणि म्हणाले, "ह्ये किल्लीचं काम न्हाय. कुणीतरी नंबर दिलाय."

चालू राहिला तो फक्त शेजारच्या मावशींच्या माडीवरचा टीव्ही. तिथं एक कन्नड बोलणारी बाई मुलीला घेऊन भाड्यानं राहायची. दवाखान्यात नावं नोंदवायच्या टेबलावर तिची नोकरी. तिची जोडणी स्वतःची होती.

"सगळ्यांचं बंद, हिचंच कसं चालू?" मी नळावर विचारलं.

"ती पैसं भरती म्हणून," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे कंपनीशी तिचं बोलणं असतं."

एवढ्यावर मावशींनी वर माडीकडे पाहिलं. मग मला आणखी आठवत गेलं. ती जिन्यात उभी राहून हळू आवाजात फोनवर बोलते. मावशींच्या टीव्हीवर नंबर उमटला तेव्हा 'हे काय आलंय' असं तिनंच त्यांना विचारलं होतं. माझ्या एकेका वाक्यासरशी बायकांचे चेहरे बदलत होते आणि मला ते आवडत होतं. संध्याकाळपर्यंत ती खबरी ठरली. सकाळी मावशींनी तिला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. तिच्या मुलीची सातवीची परीक्षा तोंडावर होती, आणि एकट्या बाईला मुलीसकट खोली इथं सहजासहजी मिळत नाही.

तिनं मला जिन्याखाली गाठलं. "तुम्ही बघितलं काय, मी कंपनीला फोन केलेला?"

"बघायची गरज न्हाय," मी म्हणाले.

हे वाक्य मला तेव्हा फार नेमकं वाटलं होतं.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आमच्या दारात आला. हातात माझ्या तक्रारीची छापील प्रत. "लिहिलंय छान, मॅडम," तो म्हणाला. "फक्त या नंबरचं कार्ड आमच्या हिशेबानं निपाणीतल्या एका घरात आहे. त्या नंबरचा फोटो तुम्ही वडगावात कसा काढला?"

त्यानंच समजावलं. प्रत्येक कार्ड आपापला नंबर दाखवतं. नक्कल झाली की सगळीकडे मूळ कार्डाचाच दिसतो. नकला फिरतायत हे त्यांना माहीत होतं, गाव सापडत नव्हतं. मूळ कार्ड आता बंद केलं होतं, अण्णांच्या भावाला नोटीस गेली होती. जाताना त्यानं विचारलं, "मग तक्रार मिटली असं लिहू?"

तो गेल्यावर आप्पांनी दार लावलं. "कुठं बोलू नको."

"आप्पा, त्या बाईला खोली सोडायला लावलीय."

"मिळंल तिला दुसरी. आपल्या शब्दाला गल्लीत किंमत हाय. ती किंमत गेली तर उद्या पत्रकावर सही कोण करंल?"

आप्पांना गप्प राहण्याची बाजू मांडताना मी पहिल्यांदा ऐकलं. फळीवर त्यांच्या पत्रकांचे गठ्ठे होते. त्यातली किती पत्रकं, काही न बघता, अशीच लिहिली असतील असं मनात आलं. ते अजून गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नळावर सगळं सांगितलं.

"म्हंजे तूच?" मावशी म्हणाल्या.

"दोन पानं लिवलीस व्हय गं," मागून एक बाई म्हणाली. "फोटो आणि पत्ता बास होता की."

अण्णा घागर भरत होते. ती अर्धीच उचलून, माझ्याकडे न बघता गेले.

मावशींच्या मागोमाग मी माडीवर गेले. भांडी पोत्यात बांधून ठेवली होती. मावशी म्हणाल्या, राहा, चुकलं. ती माझ्याकडे बघत होती.

"तोंडी नको. तुम्ही लिहिता ना? लिहून द्या."

मी तिथंच लिहिलं, 'गल्लीत गैरसमज पसरला होता, तो दूर झाला आहे.' तिनं ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं.

"कुणी पसरवला?"

मी दुसरा कागद घेतला. नंबर कंपनीला मी पाठवला. या बाईंना फोन करताना मी पाहिलं नव्हतं, तरी मी तसं सांगितलं. खाली माझं नाव. आयुष्यात इतकं लहान काही मी लिहिलं नव्हतं. तिच्या सांगण्यावरून तो कागद खळ लावून नळाच्या भिंतीवर चिकटवला. आप्पा दोन दिवस पाणी भरायला गेले नाहीत.

परीक्षा होईपर्यंत ती राहिली. मग दवाखान्यातल्या कुणीतरी तिला शहापूरला खोली बघून दिली. मावशी नको नको म्हणत होत्या, तरी तिनं टेम्पो बोलावला. सामान उतरवताना मी हात पुढं केला.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि टीव्हीचं खोकं पोटाशी धरून, एकेक पायरी चाचपत, जिना उतरली.