बांगड्यांची नाव

काचेला गाडीरस्ता मानवत नाही, हे आम्हा बांगड्या विकणाऱ्या मन्यारांना कुणी शिकवावं लागत नाही. पाऊस सरत आला की गोदाकाठच्या काळ्या रानात बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुततं, आणि ते उपसताना जो हिसका बसतो त्यात निम्म्या बांगड्यांचा चुरा होतो. म्हणून नदी भरलेली असेतो आमची माणसं नाव भाड्यानं घ्यायची. पुणतांब्याला माल चढवायचा, मावळतीचा वारा शिडात धरायचा आणि एकेक बाजार करत टोक्यापर्यंत खाली उतरायचं. लढाईच्या वर्षांत मी लग्न होऊन आले, तेव्हापासून मीही नावेत असे. आमचे हे माल बघायचे, भोई नाव बघायचा आणि बायकांचे हात माझ्याकडे.

मजा होती, खोटं कशाला बोलू! अलीकडच्या काठावर गुळाचा खडा चघळत निघावं, तर पलीकडे मोगलाईतल्या बाजारात सुक्या मिरच्यांच्या खकाण्यानं शिंका. कुठं पाण्याच्या कडेलाच शेळ्या बांधलेल्या, कुठं घाटाच्या पायऱ्यांवर गाडग्यांच्या उतरंडी. आमच्या शिडाला माझ्याच जुन्या लाल लुगड्याचं ठिगळ होतं. ते लांबून दिसलं की बायका हातातलं काम टाकून घाटावर यायच्या. बाईचा हात हातात घेऊन दाबला, वळवला, की ती आपोआप बोलायला लागते. सगळ्या गावांची सुखदुःखं मला अशी हातांमधून कळायची.

आमच्या धंद्याचे काही नेम आहेत. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. भरायला पुढं आलेला हात रिकामा पाठवायचा नाही. आणि बांगड्या भरून झाल्या की बाई वाकून नमस्कार करते, तेव्हा मन्यारणीनं मोठ्यानं म्हणायचं, "चुडा वज्राचा होऊ दे!" तिचा देव कुठला नि माझा कुठला, हे तिथं कुणी विचारत नाही.

लढाई चालू असतानाच एका वर्षी, एका बाजारात दुपारी गर्दी ओसरल्यावर एक म्हातारा नावेपाशी येऊन उभा राहिला. पुढच्या गावचा शेतकरी. त्याची सून माझ्याच वयाची, दर वर्षी घाटावर सगळ्यांच्या आधी हजर असायची. तिचा नवरा भिंगारला पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला होता. मी म्हटलं, "बाबा, सूनबाई बरी आहे ना?"

म्हातारा खाली बसला. "पोरगं गेलं माझं," म्हणाला. "मला भिंगारला बोलवून सांगितलं सायबानं. घरात मी नि म्हातारी, दोघांलाच ठाव हाय. सुनंला सातवा लागलाय. बाळतपन हुईस्तवर तिला कळू द्यायचं न्हाई. तिच्या वटीभरनाला हिरवा चुडा लागंल. तुमी नेहमीगत भरा. तोंडावर काय दिसू दिऊ नगा, तुमच्या पाया पडतो."

आणि खरंच पाया पडायला लागला. ह्यांनी त्याला धरून उठवलं, आणि "भरू, बाबा," असं बोलूनही गेले.

तो गेल्यावर मी जी भडकले! "भरू म्हणे! भरणार कोण, तुम्ही? ज्या हातातल्या उद्या दगडानं फोडायच्या, त्यात मी आज हसत हसत भरू? आणि वर 'वज्राचा होऊ दे' म्हणू? माझी जीभ झडेल!"

"मग नाही म्हण तिला," हे म्हणाले.

तेही कसं म्हणणार? मन्यारणीनं हात नाकारला तर त्याचा अर्थ कुठल्याही बाईला कळतो. रडले असते मी, पण रागच इतका आला होता. शेवटी ह्यांनी भोयाला सांगितलं, "त्या गावाला थांबायचं नाही. शीड पूर्ण सोड नि मधल्या धारेनं पुढं काढ." पळ काढायचा, झालं! त्याहून शहाणपण आम्हाला सुचलं नाही.

सकाळी वारा असा छान होता की नाव नुसती सळसळत होती. गाव आलं. मी मुद्दाम दुसऱ्या काठाकडे तोंड करून बसले. आणि नेमकं घाटासमोर काय व्हावं? वारा पडला. शीड डोलकाठीला चिकटून लोंबायला लागलं. तिथं नदीला वळण आहे, पाणी काठाकडे ओढतं. भोई वल्हं मारमारून घामाघूम झाला, पण मालानं लादलेली नाव एकट्याच्या वल्ह्याला काय ऐकते! आम्ही आपले हळूहळू घाटाकडेच.

ती गुडघाभर पाण्यात उभी होती. पोट पुढं आलेलं, तोंडभर हसू. "भाभीऽ! लाल ठिगाळ बघून पळत आले बग!" मागं पायरीवर सासू. सासूनं माझ्याकडे जे बघितलं, तशी नजर दुश्मनाच्याही वाट्याला येऊ नये.

उतरून मी पायरीवर बसले. हिरव्या बांगड्यांची माळ सोडली. तिचा हात घेतला तर तो गार. तिचं नेहमीचं माप मी काढलं. आमच्याकडे बांगडी घट्टच बसायला हवी, हात आवळून भरली तरच मन्यारीण चांगली. पण ती म्हणाली, "हे नगं. मोठं माप काढ. सैल भर गं, भाभी."

"सैल कशापाय?" सासू एकदम म्हणाली. "निसटून फुटंल एखादी! घट भर गं बाई, घट भर."

"हात सुजत्यात, आत्याबाई. आन् भाभीसाठी पसाभर शेंगा तरी आना की घरातनं."

सासू उठली, जाताना माझ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. ती पायऱ्या चढून वळेपर्यंत पोरीनं तिच्यावर नजर ठेवली. मग हळूच बोलली.

"मामंजी भिंगारास्नं आले ना, तवापासनं आत्याबाई रोज सकाळी माजं कुकू सोताच्या हातानं लावत्यात. चार वर्सांत कवा लावलं न्हवतं. मला कळंना व्हय, भाभी?"

मी काढलेलं माप परत माळेत घातलं.

"ती दोघं लई जपत्यात मला. मला कळलंय हे कळलं तर म्हातारी जागीच बसंल. म्हनून हाय तसं चालू दे. तू सैल भर. मंग त्या दिवशी फोडाया लागायच्या न्हाईत, हातातनं काढून ठिवीन. पोरगी झाली तर तिला व्हतील."

मी मोठं माप काढलं आणि भरल्या. आयुष्यात पहिल्यांदा बांगड्या भरताना बाईचा हात जराही दुखला नाही.

सासू ओच्यात शेंगा घेऊन आली, तशी ती वाकली. सासू माझ्या तोंडाकडे बघत उभी. वाकलेली ती वाट बघत होती. दोघींनाही ते शब्द हवे होते, एकमेकींसाठी. मी म्हटलं, "चुडा वज्राचा होऊ दे." मोठ्यानं म्हटलं. जीभ काही झडली नाही.

आम्ही नावेत चढलो आणि मेला वारा सुटला. आता सुटला! घटकाभर आधी यायला त्याला काय झालं होतं? शीड फुगलं, घाट मागं पडायला लागला. तिनं हसून निरोपाला हात उंच केला, तशा सगळ्या बांगड्या खळ्ळकन घसरून कोपरापर्यंत गेल्या आणि मनगट उघडं पडलं. सासूनं घाईघाईनं तिचा हात धरून खाली ओढला.