बुडी मारणाऱ्याचं गाणं

आमच्या गावातल्या पोरापोरींचा एक गिटार-ढोलकीचा बँड आहे. इतिहासाच्या पुस्तकात ज्यांना एक ओळही मिळाली नाही, अशा माणसांवर ते गाणी करतात. त्यांचा नियम एकच. गाणं आधी त्या माणसाच्या घरी जाऊन गायचं. घरचे नको म्हणाले, तर कायमचं सोडून द्यायचं.

काल मी त्यांच्यासोबत हौसाक्कांच्या ओसरीवर होते. नदीवरचा पूल बांधताना अक्कांचे आजोबा बुड्या मारून पाया चाचपून बघायचे. गाण्यात ‘निधड्या छातीचा’ असे शब्द आले आणि अक्कांनी हात वर केला.

“निधडा कसला गं? लटलटा कापायचा आज्जा. रोज म्हणायचा, आज न्हाई उतरत. आन् उतरायचा.”

कित्येक आठवड्यांची मेहनत वाया गेली, असंच मला वाटलं. पण गाणाऱ्या पोरीने तिथेच ते शब्द खोडले, आजोबांची भीती लिहिली आणि पुन्हा गायला लागली. इतिहासाची पदवी घेतलेली मी आमच्या घरातली पहिली, अभिमानच आहे मला. तरी लिहिलेलं असं कुणाच्या ओसरीवर तपासून घ्यावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गाणं संपलं.

“आत्ता आला आमचा आज्जा,” अक्का म्हणाल्या. “गा खुशाल, कुठंबी गा.”